थाई ओळ तोडण्याचं दोन दिवसांचं काम

मला कोणी विचारलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्याचं खापर फोडायला मी बरीच डोकी शोधून पाहिली आणि शेवटी माझंच सापडलं. साहेबांनी मीटिंगमध्ये विचारलं होतं ते चष्मेवालीला.

चष्मेवाली म्हणजे आमच्या ऑफिसात दीड वर्षापूर्वी आलेली इंजिनिअर. हुशार आहे आणि ते ती लपवत नाही, एवढीच माझी तिच्याबद्दल तक्रार. आमची कंपनी म्हाताऱ्या माणसांसाठी औषधांचा डबा बनवते. डब्याला खण असतात, वर पोस्टकार्डाएवढा पडदा असतो. वेळ झाली की डबा वाजतो आणि कुठल्या खणातली गोळी कशी घ्यायची ते पडद्यावर येतं. आता पडद्यावर येतं म्हणजे आपोआप येत नाही. अक्षरं कशी बसवायची, ओळ कुठे संपवायची, उरलेला मजकूर खाली कसा न्यायचा, हे कोणीतरी ठरवावं लागतं. तो कोणीतरी मी. हे काम मी बावीस वर्षं करतोय आणि अजून एकाही माणसाने पडद्याकडे बघून 'वा, ओळ काय सुंदर तोडली आहे' असं म्हटलेलं नाही.

एका बड्या गिऱ्हाइकाला हा डबा थाई भाषेत हवा होता. किती दिवस लागतील, असं साहेबांनी विचारलं. चष्मेवाली म्हणाली, सहा आठवडे. मी म्हणालो, "दोन दिवस."

का म्हणालो? एक तर तिने सहा आठवडे म्हणताना माझ्याकडे पाहिलं होतं. दुसरं म्हणजे त्या महिन्यात एक कुजबुज चालू होती की साहेब कोणातरी अनुभवी माणसाला तळघरातल्या माहितीपुस्तिका विभागात पाठवणार आहेत. आमच्याकडे अनुभवी हा शब्द फार जपून ऐकावा लागतो. आणि तिसरं, मी नऊ भाषा बसवलेल्या होत्या. दहावीला कोण घाबरतो?

घरी आल्यावर ही बातमी मी जरा रंगवूनच सांगितली. बायकोने भाजी चिरता चिरता विचारलं, "पण तुम्हाला थाई येतं कुठे?"

मी तिला समजावलं की ओळ तोडायला भाषा यावी लागत नाही. दोन शब्दांच्या मध्ये मोकळी जागा असते. ओळ भरली की मागची मोकळी जागा शोधायची आणि तिथून पुढचं खाली ढकलायचं. बस. डोळे मिटून होण्यासारखं काम आहे. ती म्हणाली, "डोळे मिटूनच करताय ते." मी दुर्लक्ष केलं. चोवीस वर्षांच्या संसारात मी दुर्लक्ष करण्यात चांगलाच तयार झालो आहे.

आता योगायोग बघा. आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर पियानो शिकवणाऱ्या एक बाई राहतात. त्या मूळच्या थाई. आपली भाषा आमच्यापेक्षा नेटकी बोलतात. आठ महिन्यांपूर्वी त्यांची आई त्यांच्याकडे राहायला आली. आजी ऐंशीच्या पुढे, थाई सोडून दुसरं अक्षर वाचता येत नाही, आणि दिवसातून तीनदा मिळून नऊ गोळ्या. बाईंना एका शाळेत पूर्ण वेळ नोकरी मिळाली होती, एक तारखेपासून. म्हणजे तीन आठवड्यांनी. मग दिवसभर आजींना गोळ्या कोण देणार? बाई एक वृद्धाश्रम बघून आल्या होत्या. सोबत आजीही गेल्या होत्या. परत आल्यावर आजी दोन दिवस कोणाशी बोलल्या नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी आपले कपडे कपाटातून काढून स्वतःच बॅगेत भरून ठेवले. बाईंनी हे बायकोला जिन्यात सांगितलं होतं आणि सांगताना त्या रडल्या होत्या.

म्हणून मी त्याच संध्याकाळी वर गेलो आणि छाती काढून सांगितलं की वृद्धाश्रमाचं नाव काढू नका. आजींना स्वतः वाचून गोळ्या घेता येतील असा डबा परवा तुमच्या घरी येतोय. बाईंनी माझे दोन्ही हात धरले. एकाच दिवशी दोन ठिकाणी शब्द देऊन मी रात्री अगदी गाढ झोपलो.

दुसऱ्या दिवशी थाई मजकुराची फाईल उघडली आणि मला वाटलं ती बिघडली आहे. अक्षरांची नुसती माळ. सुरुवात झाली ती थेट वाक्य संपेपर्यंत, मध्ये श्वास घ्यायलाही जागा नाही. मोकळ्या जागा वाटेत कुठेतरी गळल्या, असं मी साहेबांना छातीठोकपणे सांगितलं. साहेबांनी आपल्या सहीने गिऱ्हाइकाला कडक पत्र पाठवलं की आपण पाठवलेल्या मजकुरात शब्दांमधल्या मोकळ्या जागा आढळल्या नाहीत, तरी त्या त्वरित पाठवाव्यात. उत्तर दुपारी आलं. फार सभ्य होतं. थाई लिहिताना शब्दांच्या मध्ये जागा सोडत नाहीत, फक्त वाक्य किंवा वाक्याचा तुकडा संपला की सोडतात, वाचणाऱ्याला शब्द आपोआप कळतात, आणि आपल्यासारख्या अनुभवी कंपनीला हे ठाऊक असेलच. साहेबांनी ते पत्र माझ्या टेबलावर ठेवलं. 'अनुभवी'खाली त्यांनी पेनाने रेघ मारली होती.

चष्मेवालीने मान खाली घालून चष्मा पुसला. ती हसली असती तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

पण शब्द दिलेला होता. मी म्हटलं, जागा नाहीत ना, मग मोजून तोडू. वीस अक्षरं झाली की ओळ संपली. अर्ध्या तासात काम फत्ते. उजवी कड अशी सरळ आली की शिंप्याने कात्री मारावी. तो डबा पिशवीत घालून मी ऐटीत तिसऱ्या मजल्यावर गेलो. बाईंनी पडदा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा पडदा. त्या भाषेत म्हणे काही खुणा अक्षराच्या डोक्यावर बसतात, काही पायाशी, आणि त्यातल्या काही मी निम्म्या वाटेत अक्षरापासून तोडून पुढच्या ओळीला नेल्या होत्या. तिथे त्या बिचाऱ्या रिकाम्या जागेच्या डोक्यावर बसून होत्या. शब्दांचं तर विचारूच नका.

बाई मुलांना शिकवतात तशा मलाही शिकवायला लागल्या. त्यांनी कागदावर वाक्य काढून लाल पेन्सिलीने खुणा केल्या, इथे तोडा, इथे तोडू नका. बावीस वर्षांचा अनुभव घेऊन मी पियानोच्या स्टुलावर पाय जुळवून बसलो होतो. शेजारी एक सात वर्षांची विद्यार्थिनी आपली पाळी कधी येते म्हणून माझ्याकडे रागाने बघत होती.

सगळी मिळून दोनशे चौदा वाक्यं. चार संध्याकाळी आम्ही ती लाल केली. मग मी प्रत्येक ओळीच्या शेवटी हाताने एंटर मारला. दोन दिवसांचे सहा झाले होते, पण ओळी बरोबर होत्या. बाई हसल्या. मी डबा साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेबांनी तो हातभर लांब धरला, डोळे बारीक केले आणि म्हणाले, म्हाताऱ्यांसाठी आहे, अक्षर मोठं करा. अक्षर मोठं केलं. एका ओळीत मावेनासं झालेलं खाली पडलं, तिथे दोन अक्षरं होतात न होतात तोच माझा एंटर आला. एक ओळ लांब, एक तोकडी, परत लांब, परत तोकडी. चार संध्याकाळी, दोनशे चौदा वाक्यं आणि त्या मुलीचे चार धडे पाण्यात गेले.

या सुमारास इमारतीत बातमी पसरली. आमच्या शेजारी एक निवृत्त शिंपी राहतात. त्यांना सल्ला देण्यासाठी विषय माहीत असावा लागत नाही. ते म्हणाले, कुठेही तोडा आणि टोकाला एक बारीक रेघ द्या, टाका घातल्यासारखी, लोक समजून घेतात. मी म्हणालो, थाईत तशी रेघ चालत नाही. ते म्हणाले, चालवायची, सुरुवातीला कोणतीच फॅशन चालत नाही. मग त्यांनी मला बाहीच्या कापाबद्दल पाऊण तास सांगितलं. बायकोचा सल्ला सगळ्यात आखूड होता. ती म्हणाली, "त्या मुलीला विचारा." कोणती मुलगी ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

पण खरं सांगायचं तर मी चोरून ऐकलं होतं. चष्मेवाली फोनवर कोणाला तरी सांगत होती की अशा भाषांना शब्दकोश लागतो. सगळ्या शब्दांची यादी यंत्राला द्यायची, मग यंत्र ती अक्षरांची माळ त्या यादीशी ताडून बघतं आणि शब्द वेगळे काढतं. मी तडक खरेदी विभागात गेलो. तशी यादी फुकट मिळत होती, आणि तिथेच घोडं अडलं. खरेदी विभागातल्या कारकुनाने शांतपणे सांगितलं की बाहेरून काहीही आणायचं तर तीन ठिकाणांहून दरपत्रकं हवीत. मी म्हणालो, दर शून्य आहे. तो म्हणाला, मग तिघांचेही शून्य येऊ द्या, आपण त्यातला सगळ्यात कमी घेऊ. तो थट्टा करत नव्हता. फॉर्मवर 'किंमत' या रकान्यात शून्य लिहिलं की संगणक तो फॉर्म परत पाठवत होता. कारकून म्हणाला, तीन आठवडे धरा.

तीन आठवडे कुठून आणू? एक तारखेला आता अकरा दिवस उरले होते.

तेव्हा मला ती कल्पना सुचली. आजही आठवली की मी एकटा असलो तरी मान खाली घालतो. संगणकात एक अदृश्य जागा असते. ती पडद्यावर दिसत नाही, रुंदी शून्य, पण यंत्राला कळतं की इथे ओळ तोडली तर चालेल. म्हणजे लाल पेन्सिलीच्या प्रत्येक खुणेवर एक अदृश्य जागा टाकली की झालं. अक्षर मोठं करा, बारीक करा, ओळ आपली शब्दावरच तुटणार. शब्दकोश नको, कारकून नको, चष्मेवाली तर नकोच. शनिवार आणि रविवार, दोन्ही दिवस बाई आणि मी समोरासमोर बसलो. बाई शब्द दाखवत, मी जागा टाकत होतो. वाक्यं झाली, मग हात बसला म्हणून मी औषधांच्या नावांमध्येही टाकल्या. लांबलचक नावं होती, त्यांनाही तुटायची सोय हवी, नाही का? माझ्या मते ते काम फार बारकाईने केलेलं होतं.

सोमवारी सकाळी आजींच्या घरी डबा बसवला. दिसायला देखणा, ओळी जागच्या जागी.  बाईंनी आजींच्या गोळ्यांची नावं डब्यात घातली आणि मी ऑफिसला गेलो.

साडेअकराला बायकोचा फोन. डबा सकाळपासून वाजतोय. आमचा डबा कुठलीही गोळी सांगण्याआधी तिचं नाव आपल्या यादीत शोधतो. बाईंनी नावं साधी घातली होती आणि यादीतल्या नावांच्या पोटात माझ्या अदृश्य जागा होत्या. माणसाला दोन्ही नावं सारखीच दिसतात. यंत्राला ती दोन वेगळी दिसली. त्यामुळे प्रत्येक गोळीला डबा ओरडून सांगत होता की हे औषध तुमचं नाही, घेऊ नका. सकाळच्याच गोळ्या, पण पुन्हा पुन्हा. शिंपीकाका वर जाऊन त्यावर उशी ठेवून आले होते.

नावांतल्या जागा मी त्याच दुपारी काढल्या. डबा वाजायचा थांबला. पण नावं आता आपल्या मनाने कुठेही तुटायला लागली आणि नाव जवळजवळ प्रत्येक वाक्यात होतंच. गुरुवारी गिऱ्हाइकासमोर प्रात्यक्षिक होतं. बुधवारी संध्याकाळी बाई मला जिन्यात भेटल्या. डबा त्यांनी कपाटात ठेवून दिला होता. मी विचारलं, आजी काय म्हणाल्या? बाईंना सांगायला जड जात होतं.

"आई म्हणते, डबा प्यालेला आहे. बोलता बोलता मध्येच अडखळतो, शब्द गिळतो. ती म्हणते, प्यालेल्याच्या हातून मी गोळी घेणार नाही."

मग त्या म्हणाल्या की सोमवारी एक तारीख आहे आणि वृद्धाश्रमात त्यांनी फोन केला आहे. तुम्ही फार केलंत आमच्यासाठी, असंही म्हणाल्या. शिव्या दिल्या असत्या तर मी जिना नीट उतरलो असतो.

गुरुवारी प्रात्यक्षिकाला गिऱ्हाइकाची तीन माणसं आली. तिघांपैकी एकालाही थाई वाचता येत नव्हतं. ती खरेदीची माणसं होती. औषधांची नावं आडवी येऊ नयेत म्हणून साहेबांनी नावं नसलेली बारा वाक्यं निवडली होती, आणि ती बारा वाक्यं माझ्या अदृश्य जागांमुळे अगदी गुणी मुलांसारखी वागली. पाहुणे माना डोलवायला लागले. साहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले की आमच्याकडे सहा आठवड्यांचं काम अनुभवी माणूस किती लवकर करतो बघा. पुढच्या आठवड्यात दोन हजार डबे रवाना. चष्मेवाली समोरच बसली होती.  वहीत काहीतरी लिहीत होती.

मी गप्प बसायला हवं होतं. तळघर टळलं होतं, नाक शाबूत होतं. थाई म्हाताऱ्या माणसांनी फार तर तक्रार केली असती, तीही थाईत. पण माझ्या डोळ्यांपुढून ती भरून ठेवलेली बॅग काही हलेना. दोन हजार डबे म्हणजे कपाटात ठेवलेले दोन हजार डबे. आणि खरं सांगतो, मला रडूच येत होतं, साहेबांचा हात पाठीवर असताना.

मी उभा राहिलो. उभं राहायचं काही कारण नव्हतं, पण बसून ते बोलता आलं नसतं.

"हे झालेलं नाही," मी म्हणालो. "मला हे येत नाही. औषधाचं नाव आलं की ओळ वाटेल तिथे तुटते, आणि नावाशिवाय हा डबा काही कामाचा नाही. सहा आठवडे लागतील. ते यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी मध्ये बोललो."

 साहेबांनी पाठीवरचा हात काढून घेतला. पाहुण्यांपैकी एका बाईंनी चष्मेवालीला विचारलं, सहा आठवडे नक्की का? तिने वही उलटी फिरवून त्यांच्यापुढे सरकवली. त्यात सगळं काम आठवड्यागणिक मांडलेलं होतं, आणि तारीख त्या पहिल्या मीटिंगची होती.

पाहुणे थांबायला तयार झाले. साहेबही झाले, न होऊन काय करतात. मला तळघरात जावं लागलं नाही. त्यापेक्षा मोठी शिक्षा झाली, मला चष्मेवालीच्या हाताखाली दिलं. पहिल्या दिवशी तिने विचारलं, शब्दकोशाच्या फॉर्मवर किंमत काय लिहिली होती? मी म्हणालो, शून्य. तिने तो रकाना कोरा ठेवून फॉर्म पाठवला आणि तो मंजूर होऊन आला. 

पण नुसत्या शब्दकोशाने भागत नव्हतं. यंत्र आधाशी होतं. दिसेल तो सगळ्यात लांब शब्द आधी गिळायचं आणि मागे उरलेल्या अक्षरांचा काही शब्दच व्हायचा नाही. चष्मेवालीने त्याला सगळं वाक्य शेवटपर्यंत बघून मग तोडायला शिकवलं. औषधांची नावं मात्र कुठल्याच शब्दकोशात नव्हती. ती एकेक करून गोळा करायचं काम माझं. अकराशे नावं. बाईंना विचारायचं, लिहायचं, चष्मेवालीला दाखवायचं. ती तपासून परत द्यायची, आणि तिचीही पेन्सिल लालच होती.

बाईंना मी सगळं कबूल केलं होतं. वृद्धाश्रम त्यांनी पुढे ढकलला आणि ते सहा आठवडे त्या आजींना शाळेत घेऊन गेल्या. संगीताच्या वर्गात मागच्या बाकावर आजी औषधांची पिशवी मांडीवर घेऊन बसायच्या. शाळेने तेवढेच आठवडे परवानगी दिली होती, त्याच्या पुढे एक दिवस नाही.

मुदत संपायच्या आदल्या रविवारी सकाळी मी आणि चष्मेवाली नवा डबा घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेलो. बायकोही आली, मला एकट्याने तोंडघशी पडू द्यायचं नाही म्हणून. डबा टेबलावर ठेवला. बाई मुद्दाम स्वयंपाकघरात गेल्या, आजींना मदत करायची नाही असं ठरलं होतं. आठ वाजले, डबा वाजला. आजींनी चष्मा लावला. पडद्यावर चार ओळी आल्या आणि तिसऱ्या ओळीत ते लांबलचक नाव होतं.  आजींचे ओठ हलले, एकदाही अडखळले नाहीत. त्यांनी दुसरा खण उघडला, गोळी घेतली, वर पाणी प्याल्या आणि चष्मा काढून ठेवला.

बस, एवढंच. मी वाट बघत होतो. दोन महिने, अकराशे नावं, बावीस वर्षांचं नाक, यावर काहीतरी बोलतील की नाही? शेवटी न राहवून मी बाईंना स्वयंपाकघरातून बोलावून म्हणालो, जरा विचारा ना, ओळी कशा वाटल्या?

बाईंनी विचारलं. आजींनी पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि दोन वाक्यं बोलल्या. बाई आधी हसल्या आणि मग त्यांचे डोळे भरून आले.

"आई विचारते, कसल्या ओळी? आणि म्हणते, ही बॅग माळ्यावर टाकायची आहे, तर तुमचा हात पोचेल का?"

मी स्टुलावर चढलो आणि बॅग माळ्यावर टाकली. रिकामी होती, तरी मी ती अगदी आत, भिंतीपर्यंत सरकवली.